थ्रॉटलचा दांडा हलवताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीच्या ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी मंदावते. स्कूटरची मूठ सोडली की ती स्प्रिंगच्या जोराने परत फिरते. बोटीचं तसं नाही. बोटीच्या थ्रॉटलचा दांडा जिथे नेऊन ठेवाल तिथेच राहतो. चालवणाऱ्याचा हात सुटला, तो घसरून पडला, अगदी पाण्यात फेकला गेला, तरी बोट त्याच वेगाने धावत राहते. हे मुद्दाम तसं केलेलं असतं. तासन् तास एका वेगाने जायचं असतं, लाटेच्या हिसक्याने वेग कमी-जास्त होऊन चालत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की वेग कमी करायचा तर कोणाचा तरी हात त्या दांड्यापर्यंत पोचायलाच हवा. बोटीला ब्रेक नसतो. दांडा मागे ओढणं, हाच काय तो ब्रेक.

थोडं गणित करू. लहान वेगवान बोट २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर एका सेकंदात ती १० मीटरहून थोडी अधिकच पुढे जाते. दांडा चाचपण्यात आणि त्याच्यापर्यंत वाकण्यात दोन सेकंद गेले तर वीस मीटर गेले. तेवढ्यात समोर पोहणारा माणूस असू शकतो, जाळ्याचे बोये असू शकतात, दुसरी होडी असू शकते. म्हणून हा दांडा नेमका कुठे बसवलेला आहे, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आणि तो मूळच्या जागेवरून काढून दुसरीकडे बसवायची वेळ आली, तर ते काम दोन स्क्रू काढून दोन स्क्रू मारण्याचं नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

अशी वेळ येते कशी? आपल्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरुडपासून मालवण-तारकर्ली आणि पुढे गोव्यापर्यंत, पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या बोटी आता सर्वांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी बोटींत आजही मागे बसून, इंजिनाचाच दांडा हातात धरून बोट चालवतात. तिथे थ्रॉटल त्या दांड्याच्या मुठीत असतो, त्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही. पण ज्या बोटींत स्टिअरिंगचं चाक आहे, त्यांत चाकाच्या शेजारी कंट्रोल बॉक्स असतो आणि त्याला दांडा असतो. ही बोट कोणीतरी एका मापाच्या माणसासाठी, बसून चालवायची म्हणून बनवलेली असते. पुढे मालक बदलतो, खुर्ची उंच होते, जुनं टू-स्ट्रोक इंजिन जाऊन फोर-स्ट्रोक येतं, नव्या इंजिनाबरोबर नवा कंट्रोल बॉक्स येतो आणि त्याची भोकं जुन्या भोकांशी जुळत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आपला तांडेल उभा राहून बोट हाकतो. पूर्वी सुकाणूपाशी उभं राहिलं की नाळेपर्यंतचं सगळं दिसायचं. ती सवय योग्यच आहे, कारण पुढच्या बाकांवर दहा-बारा पर्यटक बसले, त्यांतल्या दोघांनी छत्री उघडली, की बसलेल्या माणसाला समोरचं काही दिसत नाही. पण उभा राहिला की बसून चालवण्यासाठी लावलेला दांडा त्याच्या गुडघ्यापाशी येतो. मग दर वेळी वाकायचं, आणि वाकलं की नजर पाण्यावरून जाते. नेमकं नको त्या क्षणी.

दांड्याच्या पोटात काय चालतं ते आधी पाहू, कारण ते कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. १९०९ साली अमेरिकेत ओले इव्हिनरूडने आपलं आउटबोर्ड इंजिन विक्रीला आणलं तेव्हा त्याला न्यूट्रल हा प्रकारच नव्हता. इंजिन सुरू झालं की पंखा फिरलाच आणि होडी निघालीच. जेट्टीला लागायचं तर इंजिन बंद करायचं. गिअर नंतर आले, आणि मग गिअरचा एक दांडा व वेगाचा दुसरा दांडा अशी दोन कामं दोन हातांत आली. आजच्या बॉक्समध्ये ही दोन्ही कामं एकच दांडा करतो. तो मधोमध असतो तेव्हा न्यूट्रल. मुठीखालची खीळ दाबून पुढे ढकलला की साधारण ३० अंशांपर्यंत फक्त गिअर पडतो, वेग वाढत नाही. तिथून पुढे गिअरची केबल जागच्या जागी थांबते आणि थ्रॉटलची केबल हलू लागते. मागे ओढलं की तेच उलट. खीळ अशासाठी, की धक्का लागून बोट न्यूट्रलमधून गिअरमध्ये जाऊ नये. इंजिन गिअरमध्ये असताना स्टार्टर चालूच होऊ नये, अशी सोयही बॉक्समध्ये असते. अमेरिकेत एका ठराविक ताकदीपुढच्या आउटबोर्ड इंजिनांना ती कायद्यानेच सक्तीची आहे.

या बॉक्सपासून इंजिनापर्यंत दोन केबली जातात. सायकलच्या ब्रेकची केबल फक्त ओढायचं काम करते. बोटीची केबल ओढते आणि ढकलतेही. आत पोलादी तार, बाहेर जाड नळी. तार फार तर सात-आठ सेंटीमीटर सरकते, पण त्या तेवढ्या सरकण्यावर सगळा कारभार असतो. तार ढकलायची असल्याने नळीला आखूड वळण चालत नाही. साध्या केबलला साधारण २० सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण दिलं की आत घर्षण वाढतं, दांडा जड होतो, आणि मग तांडेल म्हणतो, ‘इंजिनाचा गिअर खराब झाला.’ गिअर ठीक असतो, बिचाऱ्या केबलची मान मुरगळलेली असते.

एक उदाहरण घेतो. मालवण भागातली २२ फुटी फायबरची बोट, इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, नुकतंच बदललेलं. जुना कंट्रोल बॉक्स कन्सोलच्या उजव्या बाजूला, आतल्या अंगाला लावलेला. तांडेल उंचापुरा, उभा राहून चालवणारा. बोट पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती, म्हणजे हाताशी वेळ होता. मालकाचं म्हणणं, ‘नवीन खोकं जरा वर घ्या, म्हणजे झालं.’

जरा वर म्हणजे किती, हे ठरवायला आधी पुठ्ठा घेतला. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, त्यावर बॉक्सच्या मापाचा लाकडी ठोकळा आणि दांड्याच्या लांबीची झाडूची काठी. हे सोंग मास्किंग टेपने कन्सोलला चिकटवलं आणि तांडेलला उभं केलं. एक हात चाकावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि उजवा हात सहज खाली सोडून काठी पकडायची. पहिल्या जागी त्याची बोटं चाकाच्या कडेवर आपटली. दुसऱ्या जागी कोपर मागच्या बाकाला लागलं. तिसऱ्या जागी हात न चुकता मुठीवर गेला. ती जागा जुन्या जागेपेक्षा १८ सेंटीमीटर वर आणि ९ सेंटीमीटर पुढे होती. या कामात सगळ्यात मोलाचं जे काही आहे ते या पुठ्ठ्याच्या अर्ध्या तासात आहे. बाकीची कारागिरी कोणताही चांगला फिटर करील.

काठी एका जागी पकडता आली म्हणजे झालं असंही नाही. दांडा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन पाहायचा. पूर्ण मागे नेताना कोपर कुठे जातं? पूर्ण पुढे नेल्यावर माणूस ओणवा होतो का? किनाऱ्यावर बोट आडवी असते, पण पाण्यात वेग घेतला की नाळ वर उचलली जाते आणि सगळंच चार-पाच अंश मागे कलतं. ते गृहीत धरून दांड्याची मधली स्थिती अगदी उभी न ठेवता किंचित पुढे झुकती ठेवली. शिवाय शेजारून लोक ये-जा करतात. पर्यटकाच्या खांद्यावरची झोळी, लाइफ जॅकेटचा लोंबता पट्टा, कॅमेऱ्याची दोरी, यांतलं काहीही दांड्यात अडकू शकतं. त्यामुळे चढण्या-उतरण्याच्या वाटेवर दांडा येता कामा नये, मग तो हाताला कितीही सोयीचा असो.

दांडा उजव्या हातालाच का, असं काही जण विचारतात. चालवणाऱ्याची जागा बहुधा बोटीच्या उजव्या अंगाला असते. नेहमीचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बोट डावीकडे कलू पाहते. चालवणाऱ्याचं वजन उजवीकडे असलं की थोडी बरोबरी होते. दुसरं असं, की समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वाट आडवी छेदताना जिच्या उजवीकडे दुसरी बोट असेल, तिने वाट द्यायची असते. म्हणजे उजवीकडचं नीट दिसलं पाहिजे. आणि या जागी बसल्यावर दांडा बोटीच्या भिंतीकडे, म्हणजे उजव्या हाताला गेला की तो प्रवाशांच्या वाटेतून बाजूला राहतो. हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. डावखुऱ्या तांडेलासाठी दांडा डावीकडे लावलेला मी पाहिला आहे आणि तो उत्तम चालतो.

जागा ठरली, आता प्लेट. नव्या जागी फायबरची भिंत अर्धी सपाट आणि अर्धी वळलेली होती. बॉक्सची तीन भोकं नेमकी त्या वळणावर येत होती. अशा वेळी सरळ फायबरला बोल्ट मारले तर बॉक्स डुगडुगतो आणि बोल्ट आवळत गेलं की फायबरला तडा जातो. म्हणून मध्ये प्लेट लागते. पण ती फक्त भोकं जुळवण्यासाठी नाही. हे समजायला पुन्हा थोडं गणित.

मुठीपासून दांड्याच्या आसापर्यंतचं अंतर २५ सेंटीमीटर धरा. मोठी लाट आली, माणसाचा तोल गेला, तर तो हाताला लागेल ते पकडतो. बहुतेक वेळा तो दांडाच असतो. ७० किलोचा माणूस पूर्ण भाराने त्यावर लोंबकळला आणि बॉक्सचे बोल्ट आसापासून ५ सेंटीमीटरवर असले, तर तरफेच्या न्यायाने बोल्टांवर एकूण पाचपट म्हणजे ३५० किलोचा जोर येतो. तो तीन बोल्टांत वाटला जातो, तरी तीन-चार मिलीमीटर जाडीच्या फायबरला तो सोसवणारा नाही. आता बॉक्स प्लेटला लावला आणि प्लेटचे बोल्ट आसापासून १० सेंटीमीटरवर नेले, तर तोच जोर निम्मा होतो. शिवाय बोल्ट तीनाचे सहा करता येतात. प्लेट जोर पसरवते, हे तिचं खरं काम. भिंतीच्या आतल्या बाजूला तशीच दुसरी पट्टी दिली की फायबर दोन्हींच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखं बसतं.

प्लेट कशाची करायची यावर गावोगावी मतं आहेत. घरात पडलेला लोखंडी पत्रा रंगवून लावणारे महाभाग असतात. खाऱ्या हवेत त्याचे वर्षभरात पापुद्रे निघतात, आणि शेजारी होकायंत्र असलं तर त्याची सुईही फिरते. मरीन प्लायवुड चालतं, पण भोकांतून पाणी शिरलं की आतून कुजतं आणि बाहेरून कळत नाही. पांढऱ्या जाड प्लॅस्टिकची, भाजी चिरायच्या फळीच्या जातीची प्लेट गंजत नाही आणि सुताराच्या हत्यारांनी कापता येते. मात्र ते प्लॅस्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू दबतं आणि नट सैल पडतात. रुंद वॉशर लावून, बारा मिलीमीटर जाडीची घेतली, तर लहान इंजिनाला पुरते.

आम्ही ॲल्युमिनियमची घेतली, दोन सूत म्हणजे सुमारे ६ मिलीमीटर जाडीची. भांड्यांचा पत्रा नव्हे, जहाजबांधणीत वापरतात तो ५०८३ जातीचा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३१६ क्रमांकाच्या जातीचे. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल माल.’ याला अर्थ नाही. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं ३०४ जातीचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात टिकतं. चुंबकाला त्यातलं काही कळत नाही, तेव्हा बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का पाहावा आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावं.

इथे एक गोष्ट जपावी लागते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच होते, आणि त्या बॅटरीत खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागते, भोक मोठं होतं, एक दिवस बोल्ट हातात येतो. म्हणून प्रत्येक बोल्टला नायलॉनची बाही आणि नायलॉनचा वॉशर घालून दोन्ही धातू वेगळे ठेवले. ही बाही पाच रुपयांची वस्तू आहे. ती वगळायची हौस लोकांना का असते, हे मला उलगडलेलं नाही.

प्लेट जिग-सॉने कापून कडा कानशीने गोल केल्या. चारही कोपरे चांगले रुपयाएवढे गोल, कारण गुडघा त्यावर कधी ना कधी आपटणारच. भोकांचे दोन संच पडतात. एक बॉक्स प्लेटला बांधण्याचा, दुसरा प्लेट भिंतीला बांधण्याचा. पहिल्या संचाच्या बोल्टची डोकी प्लेटच्या पाठीमागे येतात, ती प्लेटमध्ये बुडवून सपाट केली नाहीत तर प्लेट भिंतीला टेकतच नाही. आधी बॉक्स प्लेटला लावायचा आणि मग प्लेट भिंतीला, हा क्रम कापायच्या आधी कागदावर काढून पाहावा. बॉक्स बसवल्यावर ज्या बोल्टपर्यंत पाना जात नाही, असा एखादा बोल्ट हमखास निघतो.

फायबरला भोक पाडणं हेही नाजूक काम. वरचा चकचकीत थर, जेलकोट, काचेसारखा ठिसूळ असतो. टेप चिकटवून, ड्रिल आधी उलटं फिरवून वरचा थर खरवडून घेतला आणि मग सुलट फिरवलं तर कपचे उडत नाहीत. भिंतीच्या आत प्लायवुडचा गाभा असेल तर भोक मुद्दाम मोठं पाडायचं, आतलं लाकूड एपॉक्सीने भरून टाकायचं आणि ते वाळल्यावर त्यात हव्या त्या मापाचं भोक पाडायचं. मग पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. पण आमचं काम पावसाळ्यातलं. दमट हवेत एपॉक्सी वरून चिकट राहतं, त्यावर तेलकट साय धरते. वर ताडपत्री, आत दिवसभर दोनशेचा बल्ब, असं दोन दिवस ठेवलं तेव्हा ते कडक झालं. ती साय साबणाच्या पाण्याने धुऊन मगच पुढचं काम.

आता केबली. दांडा १८ सेंटीमीटर वर गेला म्हणजे जुन्या केबली तेवढ्याने तोकड्या पडल्या. ओढून-ताणून त्या पोचल्याही असत्या, आणि इथेच मोह होतो. ताणलेली केबल किनाऱ्यावर ठीक चालते. पण आउटबोर्ड इंजिन डावीकडे-उजवीकडे वळतं, वर उचललं जातं, आणि त्या प्रत्येक वेळी केबलला सैलपणा लागतो. तो नसला तर वळण घेताना थ्रॉटल आपोआप ओढला जातो. तांडेलाने चाक फिरवलं आणि वेग वाढला, अशी भुताटकी मग सुरू होते. म्हणून नव्या केबली घ्यायच्या. सुतळी घेऊन नव्या बॉक्सपासून इंजिनापर्यंत, केबल ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने, वळणासकट मापायचं. इंजिनाजवळ एक मोकळा वळसा धरायचा. केबली फुटाच्या मापात मिळतात, तेव्हा आकडा मधला आला तर वरचा घ्यायचा.

इंजिनाच्या टोकाला जोडणी करताना दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून पंखा हाताने फिरवून पाहायचा, तो मोकळा फिरला पाहिजे. गिअर टाकल्यावर तो अडला पाहिजे. हे करताना किल्ली काढलेली असावी, हे सांगायला नको. केबलच्या टोकाचा जोड आट्यांवर फिरवून माप जुळवतात. जुळवण्याच्या नादात जोड बाहेर बाहेर येत जातो आणि दोन आट्यांवर लटकत राहतो. किमान ८ मिलीमीटर आटे आत असलेच पाहिजेत. दांडा न्यूट्रलला आणला की थ्रॉटलची तरफ इंजिनावर आपल्या मुक्कामी टेकली पाहिजे, नाहीतर बोट न्यूट्रलमध्येही गुरगुरत राहते आणि गिअर टाकताना धडका बसतात. मोठ्या इंजिनांत आता केबली जाऊन इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आले आहेत. तिथे फक्त वायर न्यायची असते, त्यामुळे हा सगळा खटाटोप वाचतो. प्लेटचं काम मात्र तेवढंच राहतं.

दांड्याबरोबर आणखी एक वस्तू हलते, आणि ती लोक विसरतात. इंजिन बंद करणारा तो लाल दोरीचा स्विच. बऱ्याच बॉक्समध्ये तो बॉक्सलाच असतो. दोरीचं एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या पायाला किंवा लाइफ जॅकेटला. माणूस बाजूला फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. सुरुवातीला मी म्हटलं, की हात सुटला तरी बोट धावत राहते. त्यावर हा एकच उपाय आहे.

मे २०१३मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर, पॅडस्टोजवळ, सहा जणांचं एक कुटुंब वेगवान बोटीतून पाण्यात फेकलं गेलं. रिकामी बोट जोरात गोल फिरत राहिली आणि पाण्यात पडलेल्यांवरूनच गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावले, आई आणि धाकटा मुलगा गंभीर जखमी झाले. दोरी बोटीत होती, पण चालवणाऱ्याला अडकवलेली नव्हती. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटी चालवणाऱ्यांना, बोटीत अशी सोय असेल तर, वेगात जाताना ती वापरणं बंधनकारक झालं आहे. आपल्या उदाहरणात बॉक्स वर गेला, म्हणून दोरी पायाला बांधण्याऐवजी जॅकेटच्या कडीत अडकवायची ठरली. ती चाकाच्या आऱ्यांत गुंतत नाही ना, हे चाक पूर्ण फिरवून पाहिलं. आधी गुंतत होती. मग आम्ही ती चाकाच्या मागून न नेता बाहेरच्या बाजूने घेतली.

चाचणी कुठे घ्यायची यालाही महत्त्व आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या एका स्पीडबोटीचा, इंजिनाची चाचणी चालू असताना, ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. त्या अपघाताचा दांड्याच्या जागेशी संबंध जोडायचा नाही, पण ज्या बोटीच्या इंजिनाला किंवा कंट्रोलला नुकताच हात लागला आहे, ती वर्दळीत न्यायची नसते. आम्ही प्रवासी न घेता, भरतीच्या वेळी, जेट्टीपासून लांब, मोकळ्या पाण्यात गेलो. आधी जागच्या जागी बांधून गिअर पुढे-मागे. गिअर टाकायचा तो ठामपणे, कचरत टाकला तर आतले दात एकमेकांवर घासतात. मग हळू वेग, मग पूर्ण वेग, मग दोन्हीकडे पूर्ण वळण. प्रत्येक वळणात हात दांड्यावरून काढून पाहिलं, की तो आपणहून सरकत तर नाही. थोडा सरकत होता. बॉक्समध्ये दांड्याची पकड घट्ट-सैल करणारा स्क्रू असतो, तो अर्धा फेरा आवळला.

प्रवासी बोट असेल तर असा बदल महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्व्हेअरला आपणहून दाखवावा. दाखवायला लाज वाटावी असं काम असेल, तर ते बोटीत ठेवूच नये.

राहिली जुनी जागा. तांडेलाचा हात आठ-दहा दिवस तिथेच जात होता. वीस वर्षांची सवय, ती प्लेटबरोबर हलत नाही. मालकाला वाटलं, तिथे भोकं पडलीच आहेत तर प्रवाशांना धरायला एक स्टीलची कडी बसवून टाकू. ती बसवू दिली नाही. संकटात हात जुन्या जागी गेला, मुठीत काहीतरी आलं, तर तांडेल ते जिवाच्या आकांताने मागे ओढत बसेल आणि इंजिन पूर्ण वेगात चालू राहील. तिथे पकडण्याजोगं काहीच नसलं की हात लगेच वर जातो. म्हणून जुनी भोकं फायबरची चटई आणि रेझिनने बुजवली, घासून सपाट केली आणि वर रंग दिला. पंधरा दिवसांनी बोट पुन्हा पाहिली तेव्हा प्लेटचे दोन नट पाव फेरा आवळावे लागले, बाकी सगळं जागेवर होतं.